पुराव्यानिशी नवरा

माझं लग्न खरं आहे का, ही शंका अमेरिकेच्या सरकारच्या आधी मलाच आली होती. सरकारी माणसाला शंका घेण्याचा निदान पगार मिळतो. मी ती फुकट घेत होतो, आणि तीही रोज, दुपारच्या चहानंतर.

कारण साधं होतं. मी दारव्ह्याच्या वाचनालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेला आणि निवृत्तीनंतरही दुसरं कुठे जायचं न सुचल्याने रोज तिथेच जाऊन बसणारा माणूस. माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी माझं नाव उकंडा, म्हणजे उकिरडा, ठेवलं. अशा नावाच्या पोराकडे मरण ढुंकूनही बघत नाही, असा त्यांचा अंदाज होता. तो बरोबर निघाला, फक्त मरणाबरोबर बाकीच्यांनीही फारसं बघितलं नाही. आणि जया म्हणजे तीस वर्षं अमेरिकेत नर्स असलेली, तिथली नागरिक झालेली, बर्फातून स्वतःची मोटार चालवणारी विधवा बाई. दोन हिवाळे ती दारव्ह्याला भाचीकडे आली. वाचनालयात बसून वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचायची. दुसऱ्या हिवाळ्यात तिने मला लग्नाचं विचारलं. मी म्हणालो, "विचार करून सांगतो." ती म्हणाली, "करा. मी बसून राह्यली इथंच." आणि खरोखर समोरच्या बाकावर, हातातली पिशवी मांडीवर घेऊन बसली. समोर कोणी असं बसलेलं असताना मला नीट विचार करता येत नाही. मी हो म्हणालो.

लग्न यवतमाळला लोहाऱ्यात, तिच्या भावाच्या घराजवळच्या विहारात झालं. पांढरे कपडे, त्रिशरण-पंचशील, हार, प्रतिज्ञा, आणि अर्ध्या तासात आम्ही बाहेर अंगणात पोहे खात होतो. मला हे फार आवडलं. इतक्या कमी वेळात इतकं कमी लाजून लग्न करता येतं हे माहीत असतं तर मी कदाचित चाळीस वर्षांपूर्वीच केलं असतं. फोटो एकच निघाला, भावाच्या मोबाइलवर. त्यात मी आहे, हार आहे, आणि जया जिथे असायला हवी तिथे तिच्या वहिनीचा, "पोहे तिकडं" असं दाखवणारा हात आहे.

पुढची पायरी म्हणजे लग्नाची नोंदणी. कार्यालयातल्या बाबूने आम्हाला आदराने बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "मुलगा-मुलगी आले का, काकाजी?"

"आलेत," मी म्हणालो.

तो आमच्या खांद्यांवरून दाराकडे बघत राहिला. मीही वळून बघितलं. मला सवय आहे, कोणी बघायला लागलं की मीही बघतो. शेवटी जया म्हणाली, "बावा, आमीच हाओत मुलगा-मुलगी."

बाबू सावरला, पण त्याने सूड घेतला. त्याने लग्नपत्रिका मागितली. पत्रिका छापलीच नव्हती. पत्रिकेशिवाय लग्न झालं असं कसं धरायचं, असं तो म्हणाला, आणि मला त्याचं म्हणणं पटलं. मग आम्ही झालेल्या लग्नाची पत्रिका छापायला गेलो. असे आम्हीच पहिले नव्हतो. प्रेसवाल्याने मागची तारीख बघून मानही वर केली नाही. "नोंदणीसाठी ना?" एवढंच विचारलं. पण शंभराच्या खाली तो छापत नव्हता. पत्रिका छान निघाली. झालेल्या प्रसंगाला सर्वांची उपस्थिती प्रार्थनीय होती, आणि सगळ्यात खाली, दोन पोपटांच्या मध्ये, "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" असं म्हणणारी चिकू आणि पिंकी होती. ही मुलं कोणाची, असं मी भीत भीत विचारलं.

"आधीच्या पत्रिकेतलं राहून गेलं," प्रेसवाला म्हणाला. "पण राहू द्या. लेकरं असले की पत्रिका भरल्यासारखी दिसते."

एक पत्रिका बाबूने घेतली. उरलेला गठ्ठा कपाटावर गेला. जयाची रजा संपली, ती अमेरिकेला गेली आणि तिथून तिने मला नेण्यासाठी अर्ज केला. मग वर्षभराहून जास्त काळ आमचं लग्न फोनवर राहिलं. तिथे ती एकटी, इथे मी एकटा, आणि मध्ये व्हिसा. तो मिळाला तर उरलेलं आयुष्य एका घरात. नाकारला गेला तर पुन्हा अर्ज, पुन्हा वर्षं, आणि आमच्या वयात पुढची वर्षं कोणी उधार देत नाही.

मुंबईच्या वकिलातीतून मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा जया फोनवर म्हणाली, "लगन खरं हाय याचा पुरावा न्या लागते. घाबरू नका जी. आपले फोटो, आपलं बोलणं, अन् चार ओळखीच्या लोकायचं म्हणणं. इतकंच."

फोटोचं वर सांगितलंच. बोलणं मात्र भरपूर होतं. आमचे व्हॉट्सअॅपवरचे सगळे संदेश छापून घ्यायला मी झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पहिली काही पानं बाहेर येताना वाचली. कोणी आपला मजकूर वाचत असलं की मी दुसरीकडे बघतो, पण तो मोठ्याने वाचत होता. "जेवले का. हो. गोळी घेतली का. घेतो. घेतो नाही, घेतली म्हणा. घेतली. उशीर का झाला. बर्फ होता. पाणी आलं का. नाही." तो थांबला. "काकाजी, सगळ्या पानावर हेच हाय. एकच पान काढू अन् बाकीच्या झेरॉक्स मारू का? स्वस्तात होईन."

रस्त्यात मी ती पानं उघडून बघितली. प्रेम हा शब्द कुठेही नव्हता. पाणी हा शब्द जवळजवळ प्रत्येक पानावर होता. नगरपालिकेशी चाललेला पत्रव्यवहार म्हणूनही ती पानं कोणाला खपवता आली असती.

इथे खेमसिंग राठोडांनी प्रकरण हातात घेतलं. खेमसिंग माझे डाव्या हाताचे शेजारी, तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त. त्यांनी माझी फाईल तळहातावर ठेवून दोनदा वरखाली केली, जशी आपण कोबी बघतो.

"उकंडाभाऊ, सरकार इथलं असो का तिथलं, त्याले वजन पायजे. फाईल उचलताना सायबाचा हात दुखला पायजे. हे तं वाऱ्यानं उडून जाईन."

शेजाऱ्यांची निवेदनं त्यांनीच लिहिली. त्यांच्या स्वतःच्या निवेदनात असं होतं की, श्री. उकंडा मुनेश्वर हे सज्जन, निर्व्यसनी व कोणत्याही राजकीय पक्षाशी संबंध नसलेले गृहस्थ असून त्यांची पत्नी देशाबाहेर असल्याने उभयतांत कोणताही वाद अगर तंटा प्रलंबित नाही. मी म्हणालो, यात लग्नाबद्दल थोडं कमी आलंय. ते म्हणाले, "पत्नी म्हटलं ना? मंग?"

उजव्या हाताच्या शेजारीण शमसुन्निसाभाभी. त्यांना खेमसिंगांनी निवेदन विचारलं तेव्हा त्या लसूण सोलत होत्या. "लिहा," त्या म्हणाल्या, "हे भाईसाब पयले घरात एकटेच बोलत होते. आता फोनवर बोलतात. एवढा फरक मी आपल्या कानानं ऐकला." मला ते आवडलं. खेमसिंग म्हणाले, हे शासकीय भाषेत बसत नाही, आणि त्यांनी त्याऐवजी "सदर विवाहास माझी हरकत नाही" असं लिहून भाभींची सही घेतली.

तरीही फाईलचं वजन भरेना. मग खेमसिंगांना मूळ दोष सापडला. "तुमी गावाले जेवणच नाही दिलं," ते म्हणाले. "ज्या लग्नाचं कोणी जेवलंच नाही, त्याचा साक्षीदार कोण? स्वागत समारंभ करा."

"पण जया तर तिकडे आहे."

"लगन तं झालं ना तिच्यासंगं? समारंभाले नवरीचं काय काम? लोक जेवाले येतेत."

नाही कसं म्हणावं हे मला कोणत्याच पुस्तकात सापडलेलं नाही. खेमसिंगांनी कपाटावरचा गठ्ठा काढला, पत्रिकांवर पेनाने "स्वागत समारंभ" आणि येत्या रविवारची तारीख लिहिली आणि अर्ध्या दारव्ह्यात वाटून आले. भाभींनी अंगण दिलं. त्यांच्या मुलाने, मोईनने, म्हणजे ज्याचा बसस्टँडजवळ फोटो स्टुडिओ आहे त्याने, घरातला टीव्ही अंगणात आणून टेबलावर ठेवला आणि मोबाइलशी जोडला. संध्याकाळी आपल्याकडे जेवणं होतील तेव्हा तिकडे सकाळ असेल आणि जया कामावर जाण्याआधी टीव्हीवरून सगळ्यांना नमस्कार करेल, अशी योजना होती.

नवरा-नवरीसाठी दोन हार आणले होते. एक माझ्या गळ्यात पडला. दुसऱ्याचं काय करायचं, असा प्रश्न कोणालाच पडला नाही, कारण खेमसिंगांनी तो टीव्हीला घातला.

जया दिसू लागली. नर्सच्या कपड्यात होती. तिने हात जोडले, डोळे मिटून मान लववली, आणि नेमकं त्या क्षणी नेटवर्क गेलं. टीव्हीवर हारातली, डोळे मिटलेली, हात जोडलेली जया तशीच स्थिर झाली. मोईन पतंगाची दोरी धरल्यासारखा मोबाइल वर करून अंगणाच्या कोपऱ्याकोपऱ्यात फिरायला लागला.

याच सुमारास लांबच्या गल्लीतल्या एक म्हाताऱ्या बाई आल्या. त्यांनी टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, हातातली ताटली खाली ठेवली आणि माझ्या दंडावर हात ठेवला.

"कवा झालं, बावा?"

"दीड वर्ष होत आलं," मी म्हणालो. लग्नाबद्दल आपुलकीने विचारणारं पहिलंच माणूस मला भेटलं होतं.

"काही आजार होता का?"

प्रश्न थोडा विचित्र वाटला, पण तिची तब्येत विचारत असतील असं समजून मी म्हणालो, "नाही, नाही. सगळं अचानकच ठरलं."

"एकटे पडले तुमी."

"हो. पण आता फार दिवस नाहीत. सगळं नीट झालं तर लवकरच मीही तिच्याकडेच जाणार."

बाई पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. त्यांचं बघून आणखी दोघींनी ताटं खाली ठेवली. मी त्यांना काय झालं ते विचारणार, एवढ्यात टीव्हीवरच्या जयाने डोळे उघडले आणि म्हणाली, "ऐकू येऊन राह्यलं का?" बाई किंचाळल्या नाहीत. त्या फक्त उठल्या आणि चपला तिथेच सोडून गेल्या. शमसुन्निसाभाभींनी धावत येऊन टीव्हीचा हार ओढून काढला. "जित्या बाईले हार घालता का, राठोडभाऊ? अकल कुठं गहाण ठेवली?"

"नवरी हाय म्हणून घातला," खेमसिंग म्हणाले. "नवरीले हार नाही घालत का?"

त्या समारंभाचा अल्बम मोईनने पाच-सहा दिवसांनी आणून दिला. जाड, चकचकीत आणि खरोखर जड होता. खेमसिंगांनी तो तळहातावर घेतला आणि पहिल्यांदाच समाधानाने मान हलवली. मी तो उघडून बघितला. पहिल्या पानावर मी आणि जया शेजारी शेजारी उभे होतो. मी सफारीत, ती नर्सच्या कपड्यात, गळ्यात हार, आणि आमच्या मागे बर्फाचे डोंगर. दुसऱ्या पानावर आयफेल टॉवर. तिसऱ्यावर आम्ही एका हृदयात. चौथ्यावर, पूर्ण पानभर, न्यूयॉर्कचा तो हातात मशाल धरलेल्या बाईचा पुतळा, आणि त्याच्या पायाशी मी, दारव्ह्याच्या अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीला धरून.

"काकाजी, सगळ्या फोटोत तुमी एकटेच होते," मोईन म्हणाला. "मंग काकीले टीव्हीतून काढून बसवलं. अन् अमेरिकेचं काम हाय म्हणून अमेरिका बी टाकली."

"मोईन, हे जरा..."

"पैसे नाही घेत मी तुमच्याकून."

यावर लाजाळू माणसाने काय बोलावं? मी आभार मानले. रात्री जयाला सांगावं असं मनात होतं, पण ती तेव्हा कामावर होती, आणि दुसऱ्या दिवशी मला वाटलं, अल्बम काढून ठेवला तर मोईन विचारेल, आणि खोटं बोलणं मला जमत नाही. अशा प्रामाणिक विचाराने मी तो खोटा अल्बम मुंबईला नेला.

वकिलातीत काचेच्या पलीकडे एक तरुण गोरा साहेब होता आणि त्याच्या शेजारी दुभाष्याचं काम करणारी एक मराठी मुलगी. तिचं मराठी इस्त्री केलेलं होतं. इंग्रजी मला वाचून पुष्कळ कळतं. बोलायला तोंड उघडलं की ते कुठेतरी जातं. म्हणून तिच्यामार्फत बोलणं चाललं.

साहेबाने जयाचं नाव, तिचं काम, तिचं गाव विचारलं. मला सगळं येत होतं. पण प्रश्न अधिकृत असला की मला माझ्या स्वतःच्या वयाबद्दलही खात्री वाटेनाशी होते. "बहुधा," "माझ्या माहितीप्रमाणे," "चूक असेल तर दुरुस्त करा," असं प्रत्येक उत्तराच्या पुढे लागत गेलं. मुलीने ते सगळं इमानदारीने इंग्रजीत नेलं. मग साहेबाने एक फोटो समोर धरला. ही तुमची पत्नी का?

"माझ्या मते, हो," मी म्हणालो.

साहेब थोडा मागे टेकला. त्याने अल्बमची पानं उलटली आणि पुतळ्यापाशी थांबला. अमेरिकेला तुम्ही कधी गेला होता? अर्जात तर लिहिलंय की देशाबाहेर कधीच नाही.

मी सांगितलं की मी नागपूरच्या पलीकडे फारसा गेलेलो नाही. मग हा फोटो? मी सांगितलं की मी अंगणात होतो, माझी पत्नी टीव्हीत होती आणि पुतळा मोईनकडे होता. मुलीने भाषांतराला सुरुवात केली, थांबली, माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "काका, पुन्हा सांगता का?" पुन्हा सांगितल्यावर ते जास्तच वाईट वाटलं.

आता साहेबाच्या हातात पत्रिका होती. मुलगी ती त्याला वाचून दाखवत होती. अचानक ती अडखळली. "काका, साहेब विचारतायत, चिकू आणि पिंकी कोण? अर्जात तुम्ही मुलं नाहीत असं लिहिलंय."

"मलाही माहीत नाही," मी म्हणालो. इतकं खरं वाक्य मी त्या दिवशी दुसरं बोललो नव्हतो.

साहेब रागावला नाही. रागावला असता तर बरं होतं. त्याने शांतपणे एक कागद सरकवला. व्हिसा आता देता येत नाही, आणखी पुरावा लागेल, आणि पुढच्या वेळी पत्नीला सोबत आणावं. अल्बम त्याने दोन्ही हातांनी परत दिला. हात दुखला असावा.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून आलो आणि वाटेतल्या सगळ्या स्टेशनांवर मला तेच पटत गेलं. साहेबाचं बरोबर होतं. जयाला कोणीतरी हवं होतं आणि मी समोर होतो. वाचनालयात एखाद्याला हवं ते पुस्तक मिळत नाही, मग तो शेजारचं घेऊन जातो, तसं. घरी पोहोचून मी फोनवर तिला सगळं सांगितलं. पुतळा, चिकू, पिंकी, "माझ्या मते, हो." पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मला वाटलं, नेटवर्क गेलं. मग कळलं की ती हसतेय. आवाज न करता, दम लागेपर्यंत.

"टीव्हीतून काढून बसवलं म्हणाला?" तिने डोळे पुसत विचारलं असावं. मग म्हणाली, "मी येऊन राह्यली."

"पण तुझी रजा..."

"रजा माही हाय का तुमची?"

ती आली. मला वाटलं आता रीतसर पुरावे गोळा करायचे. मी मोईनला सांगून ठेवलं, साधे फोटो, मागे काही नको. जयाने मोईनला चहा पाजून परत पाठवलं. खेमसिंग फाईल घेऊन आले. तिने ती उघडून त्यांचं निवेदन वाचलं, "तंटा प्रलंबित नाही हे बरं लिहिलं, भाऊजी," म्हणाली, आणि फाईल कपाटावर ठेवली. मी रोज आठवण द्यायचो की पुरावा काही जमत नाहीये. ती म्हणायची, "पुरावा राहू द्या. वांगे आणा." पलंगाच्या दुसऱ्या बाजूला वर्षानुवर्षं माझी पुस्तकं झोपत होती. तिने ती उचलून खिडकीत लावली, विचारलंही नाही. भाभींशी तिचं पहिल्याच आठवड्यात पाण्याच्या मोटारीवरून भांडण झालं आणि दुसऱ्या आठवड्यात दोघी मिळून खेमसिंगांशी भांडल्या. मी मध्ये बसून बघत असे. मला चांगलं वाटत होतं, पण ती हे सगळं आपल्यासाठी करतेय की साहेबासाठी, हे विचारायची हिंमत झाली नाही.

बोलावणं आलं. मुंबईला निघताना खेमसिंगांनी फाटकाशी विचारलं, "फाईल कुठं हाय?"

"फाईल नेऊन काय करता?" जया म्हणाली. "माणूसच घेऊन चालली मी."

तोच साहेब होता, तीच मुलगी. या वेळी आमच्याकडे देण्यासारखं जवळजवळ काहीच नव्हतं; हातात धरायला अल्बमसुद्धा नव्हता. साहेबाने सरळ जयाला विचारलं. तुम्ही तीस वर्षं अमेरिकेत आहात. नोकरी आहे, घर आहे. मग हाच माणूस का?

जयाने इंग्रजीत सुरुवात केली. ती म्हणाली, तीस वर्षांत शेवटची दहा मी एकटी होते. कामावरून घरी जायची. रस्त्यात बर्फ असो, अपघात असो, मला दोन तास उशीर झाला तरी जगात कोणाला कळत नव्हतं. आता मला उशीर झाला की या माणसाचा फोन येतो. रोज येतो. उशीर का झाला म्हणून विचारतो. मला राग येतो. पण मला उशीर झालाय हे कळणारं एक माणूस आहे.

मी हे ऐकत होतो. माझ्या बाजूने इतकं चांगलं कधी कोणी बोललं नव्हतं. पण खऱ्याला खरं म्हटलं पाहिजे.

"रोज नाही," मी दुभाष्या मुलीला म्हणालो. "साहेबांना सांगा, रोज नाही. आमच्याकडे लाइट जाते तेव्हा वायफाय बंद असतं. तेव्हा फोन करता येत नाही."

जया वळली. इंग्रजी संपलं.

"मी बोलून राह्यली ना? तुमचं काय काम मधात?"

"पण ते खरं नव्हतं ना."

"लाइट गेली तं दुसऱ्या दिवशी सकाळीच करत होते ना? 'काल उशीर झालता का' म्हणून?"

"तो दुसऱ्या दिवशीचा फोन झाला. त्याच दिवशीचा नाही. साहेबांनी उद्या विचारलं तर?"

"सायेबाले काय करा लागते तुमच्या लाइटशी?"

"मी फक्त एवढंच म्हणतोय की एवढं कौतुक करण्यासारखं मी काही केलेलं नाही. फोन कोणीही केला असता."

"कोणीही?" तिने पिशवी काउंटरवर ठेवली. "दहा वर्षं कोणी केला? माह्या भावानं केला? सांगा ना कोणी केला. मले या माणसाचं हेच नाही पटत, बाई," हे ती काचेपलीकडच्या मुलीला सांगत होती. "याले कोणी चांगलं म्हटलं की हा पुरावा मांगते. अवो, मी सातासमुद्रापलीकडून येऊन तुमच्या घरी वांगे भाजून राह्यली, अन् तुमाले अजून वाटते मी सायबासाठी आली?"

हे मी तिला कधीच बोललो नव्हतो. तिला कसं कळलं हे मला समजेना. मी म्हणालो, "मी असं कधी म्हटलं?"

"म्हटलं नाही. पण तोंडावर दिसते. रोज दुपारी चहा झाला की दिसते."

"मग त्याच वेळी का नाही बोललीस?"

"तुमी इचारलं का? इचारलं असतं तं सांगितलं असतं. अन् गोळी घेतली का सकाळी? नाही घेतली. खिशातच असन. दाखवा."

मी खिशात हात घातला. गोळी होती. ती कशी राहिली हे मी समजावून सांगत होतो, की निघायच्या घाईत पाण्याची बाटली तिच्या पिशवीत होती, आणि पिशवी मागणं मला बरं वाटलं नाही, आणि ती म्हणत होती की स्वतःच्या बायकोकडे पाणी मागायला लाज वाटणारा माणूस तिने अख्ख्या अमेरिकेत पाहिला नाही, तेव्हा काचेवर टकटक झाली. आम्ही दोघांनी बघितलं. साहेब दुसरे कागद बघत होता. त्याचे कान लाल झाले होते आणि तो हसू दाबत होता. मुलगी मात्र उघड हसत होती.

"काका," ती म्हणाली, "तुमचं झालंय. मघाशीच झालं. तुम्ही जाऊ शकता."

"कुठे?" मी विचारलं.

"अमेरिकेला," ती म्हणाली.

जयाने पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं आणि माझ्या हातात दिली. "आधी गोळी घ्या," ती म्हणाली.